मदत हवी आहे : जुन्या कॅसेटवरच्या गाण्याची पट्टी कशी शोधू?

मंडळी, मी इंदूरच्या रामबागेतला. 1993 साली एक भावगीत लिहून, चाल लावून घरीच कॅसेटवर भरलं आणि विसरलो. आता नव्यानं रेकॉर्ड करायचंय. पण कॅसेटवरचा सूर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी लागतोय, पेटी काही केल्या जुळेना. टेपवर मागे विजेची घरघर भरली गेलीय; आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती 50 ला हवी, पण कॉम्प्युटरवर 52 ला दिसते. म्हणजे टेप चार टक्के जोरात पळतेय ना? तेवढा वेग उतरवला की मूळ पट्टी मिळेल, की तेव्हाची माझी पेटीच बेसूर होती? (शक्य आहे, भात्यातून हवा जायची.) दुसऱ्या कडव्यात मागून आई ओरडते, "अरे, दूध उतू गेलं!" ते मात्र नव्या रेकॉर्डिंगमध्येही ठेवणार. कुणी हे केलंय का?