पाळणाघरातली सर्दी ल्युकेमिया टाळते?

मिलिंद_ठाणे: लंडनचे कर्करोग-संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांनी २०१८ मध्ये मांडलेलं मला पटतं. मुलांच्या एएलएल या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, सुरुवात बऱ्याचदा आईच्या पोटातच होते. दोन जनुकं भलतीच जोडली जातात. असा दोष सुमारे १ टक्का बाळांत असतो, पण आजार त्यांतल्या फार थोड्यांना होतो. त्यासाठी जनुकांवर दुसरा घाव बसावा लागतो. तो संसर्गाच्या निमित्ताने बसतो, तोही पहिल्या वर्षात जंतूंशी गाठच न पडलेल्या मुलांत. पाळणाघरात लवकर गेलेल्यांत आजार कमी दिसतो. मग पोरांना तळहाताच्या फोडासारखं का जपायचं?

रेवती_के: पाळणाघराची माहिती बहुतेकदा आईबापांनी आठवून सांगितलेली. ब्रिटनमध्येच डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या तर उलटं निघालं: एएलएल झालेल्या मुलांना पहिल्या वर्षात संसर्ग जास्त झाले होते!

मिलिंद_ठाणे: आणि ब्रिटिश संशोधक किनलेन? इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड अणुप्रकल्पाजवळच्या सीस्केल गावात मुलांत ल्युकेमिया वाढला, तेव्हा सगळे किरणोत्सर्गाच्या नावाने बोटं मोडत होते. किनलेन यांनी १९८८ मध्ये स्कॉटलंडचं ग्लेनरॉथिस तपासलं. नवं वसवलेलं शहर, बाहेरून लोटलेली माणसं, अणुप्रकल्प नाही. तरी ल्युकेमिया वाढलेलाच. म्हणजे माणसांच्या सरमिसळीतून पसरलेला एखादा संसर्ग, असं त्यांचं म्हणणं.

रेवती_के: मग तो विषाणू कुठाय? बर्किट लिम्फोमा या दुसऱ्या कर्करोगात एपस्टीन-बार विषाणू १९६४ मध्येच गाठीच्या पेशींत दिसला. एएलएलच्या पेशींत तसा कुणी सापडलेला नाही.

मिलिंद_ठाणे: ग्रीव्ह्ज एका विषाणूवर बोट ठेवतच नाहीत. उशिरा आलेल्या साध्या संसर्गानेही न सरावलेली प्रतिकारशक्ती बिथरते, असं ते म्हणतात.

चिऊची_आई: माझी लेक दात येत होते तेव्हापासून पाळणाघरात. नाक कायम वाहतं. तरी एएलएल झालाच. केमोत रक्तपेशींचे काउंट पडले की सोसायटीत कुणाला कांजिण्या आल्यात कळलं तरी आम्ही दार लावून बसायचो. तुमचा धागा फॅमिली ग्रुपवर फिरला की "फार जपलंस गं" ऐकायचं मीच.

मिलिंद_ठाणे: ताई, एका मुलाला का झाला हे यावरून सांगताच येत नाही. पण म्हणून प्रश्न सोडायचा? स्पेनमध्ये जनुकदोष असलेले उंदीर जंतुमुक्त जागेत ठणठणीत राहिले. साध्या जंतूंच्या जागेत नेल्यावर काहींना ल्युकेमिया झाला.

रेवती_के: यावरून संसर्ग निमित्त ठरू शकतो एवढंच दिसतं. बाळाला लवकर आजारी पडू दिलं की ल्युकेमिया टळतो, हे त्या उंदरांनी कुठे दाखवलं?