मदत हवी आहे: प्लगिनने लावलेला फिल्टर काढायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटवर एक जुनं प्लगिन फिल्टर लावून, म्हणजे मजकूर दिसण्याआधी त्यात बदल करणारा कोड जोडून, प्रत्येक लेखाखाली लेखक-परिचयाची चौकट चिकटवतं. फक्त 'कविता' या कॅटेगरीत ती नकोय, म्हणून प्लगिन बंद करून चालणार नाही. त्याच्या फाइलींनाही हात लावायचा नाही, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला हात न लावता बदल करण्यासाठीची थीम) 'रिमूव्ह फिल्टर' लिहिलं, प्लगिनने 'द कंटेंट'वर (लेखाच्या मजकुराचा फिल्टर) दिलेली २० हीच प्रायॉरिटी (चालण्याचा क्रम) दिली. चौकट जागची हलत नाही. कोड उघडल्यावर कारण कळलं: कॉलबॅक (फिल्टर चालवतो ते फंक्शन) ही क्लासची मेथड आहे, फिल्टर कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) लागतो आणि तो ऑब्जेक्ट कुठल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवलेला नाही. काढताना तोच ऑब्जेक्ट लागतो. नवीन बनवला तर एका चौकटीच्या दोन होतात!

मग सगळ्या फिल्टरांची नोंद असलेल्या 'डब्ल्यूपी फिल्टर' या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये २० या प्रायॉरिटीला लागलेले कॉलबॅक चाळून क्लासच्या नावावरून तो शोधावा का? हे 'डब्ल्यूपी' हुकवर (आपला कोड जोडता येतो असा टप्पा) करायचा विचार आहे, कारण त्याआधीच्या 'इनिट' हुकला कॅटेगरी तपासता येत नाही. प्रायॉरिटी २१ वर चौकटीचं एचटीएमएल कापणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही.

आणखी एक. यादीच्या पानावर आपोआप बनणारा सारांश ५५ शब्दांचा. कविता पडल्या चार ओळींच्या, त्यामुळे उरलेल्या जागेत कवीचं शिक्षण नि पुरस्कार येतात. तिथे तर कविता आणि लेख एकत्रच असतात, म्हणजे पानापुरता फिल्टर काढून भागणार नाही. सारांश बनण्याआधी काढून नंतर परत लावायचा, तर नेमका कुठल्या हुकवर?