जुन्या रहस्यकथांची मुखपृष्ठं: पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवायची का?

कोपरखैरणे_से_१५

साधारण साठ-पासष्ट जुन्या रहस्यकथा आहेत. निम्म्या मराठी, पातळ, बाजूने पिना मारलेल्या. बाकीच्या इंग्रजी पेपरबॅक, त्यात काही हिरव्या पाठीच्या पेंग्विन. वाचायला आहेतच, पण खरा जीव मुखपृष्ठांत आहे. प्रश्न असे:

जुलै चालू आहे, भिंतीला ओल आहे. झाकणाला रबर असलेले प्लॅस्टिकचे डबे आणि सिलिका जेल आणलंय. आत्ताच भरून टाकू का? पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेत, त्या काढाव्यात का? चार-पाच मुखपृष्ठांना सेलोटेप आहे. बऱ्याच मराठी पुस्तकांवर प्रकाशनाचं साल नाही, ते कसं ओळखायचं? आणि दोन मुखपृष्ठं फ्रेम करायची आहेत.

नौपाडा_पोटमाळा

डब्याचं आधी. आत्ता भरू नका, पस्तावाल.

हिशेब करा. साठ-पासष्ट पुस्तकं म्हणजे आठेक किलो कागद. हवेत ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा कागदात वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ५० टक्क्यांना ते सहा-सात टक्क्यांवर येतं. म्हणजे तुमच्या गठ्ठ्यातून पाव किलोहून जास्त पाणी बाहेर यायला हवं. सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरतं. २०० ग्रॅमची थैली ५० ग्रॅम पाणी पिऊन गप्प बसणार आणि उरलेलं तुम्ही पुस्तकांसकट डब्यात कोंडणार. बुरशीला आर्द्रता ६५-७० च्या वर गेली की पुरते. पावसाळ्यात भरलेला हवाबंद डबा दिवाळीला उघडला की तो कुबट वास येतो, त्याचं कारण हेच.

जेल वाळवण्यासाठी नसतं, वाळलेलं तसंच राखण्यासाठी असतं. आधी पुस्तकं वाळवा: एसी असलेली खोली, दारं-खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, पुस्तकं टेबलावर उभी आणि पानं पंख्यासारखी थोडी फाकलेली. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, थेट पुस्तकांवर नको, पानं मुरडतात. चार-पाच दिवस लागतात. मग पुस्तकं डब्यात ठेवून सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा, झाकण लावा, चोवीस तासांनी आकडा बघा. ५५ च्या आत असेल तर जेल टाकून बंद करा. वर असेल तर पुन्हा टेबलावर. ऊन दाखवायचा मोह आवरा.

एसी नसेल तर डिसेंबर-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारपर्यंत डबे विसरा. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलेलं, खालचा कप्पा रिकामा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूच्या भिंतीला कपाट लावूच नका.

जेल नारिंगी दाण्यांचं घ्या. ओलं झालं की हिरवट पडतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळलेलं बरं. पुन्हा वापरायचं तर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास.

डांबराच्या गोळ्या नकोत. बुरशीला त्या काही करत नाहीत, वास मात्र कागदात मुरतो. कसर किंवा भुंगेरे असल्याची शंका आली तर पुस्तक झिपच्या पिशवीत घालून हवा काढा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेरून धरायला हवं, मुखपृष्ठावर नाही.

बांधणी_खळ_दोरा

पिना काढाव्यात. गंज थांबत नाही, ओलाव्यात पिनेभोवतीचा कागद करपल्यासारखा होतो आणि एक दिवस पान भोकासकट सुटतं.

पिन-रिमूव्हर वापरू नका, तो कागद फाडतो. पुस्तक मुखपृष्ठ खाली करून मऊ कापडावर ठेवा. पिनेचे दुमडलेले दोन पाय मागच्या बाजूला असतात. पाय आणि कागद यांच्यामध्ये पॉलिएस्टरचा एक पातळ तुकडा सरकवा आणि लोणी लावायच्या बोथट सुरीने पाय एकेक करून सरळ करा. मग पुढून चिमट्याने पिन सरळ वर ओढा. गंजलेली पिन मध्येच तुटते, तुटली तर दोन्हीकडून अर्धी-अर्धी काढा, पिळू नका. गंजाची भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झटकायची. पाणी लावलंत तर डाग पसरतो. राहिलेला तांबडा डाग घालवायच्या नादाला लागू नका. लिंबू, ब्लीच वगैरे सल्ले मिळतील, ते कागदाला अॅसिड पाजायचे धंदे आहेत.

मुखपृष्ठ बऱ्याचदा पिनांवरून पाठीला वेगळं चिकटवलेलं असतं. तसं असेल आणि ते घट्ट असेल, तर फक्त पिनांसाठी ते उचकटायचं नाही. आधीच सुटलं असेल तरच.

नंतर त्याच जुन्या भोकांतून सुती दोरा ओवा, नवीन भोकं पाडायची नाहीत. दोन पिनांची चार भोकं असतात, त्यांतून आत-बाहेर करत मागे साधी गाठ. दोरा ताणू नका. जुना न्यूजप्रिंट दोऱ्याने बटर कापल्यासारखा कापला जातो.

सेलोटेप: टेपची फिल्म सुटी झाली असेल तर ती आपोआप निघते, खाली पिवळा डिंक राहतो. तो डिंक कागदात मुरलेला असेल तर घरी तो निघत नाही. फिल्म घट्ट असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, एक वीत लांबून, आणि फिल्म जवळजवळ उलटी दुमडून हळू सरकवायची. शाई उठायला लागली की तिथेच थांबा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी टेपबरोबर चित्रातला लालही जातो.

फाटलेल्या कडांसाठी खळ. एक भाग गव्हाचा स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं सतत ढवळत, गार झाल्यावर गाळणीतून. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबट वास आला की फेकायची. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनवर कसर ताव मारते. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे, ते रोजमेळाच्या वह्यांना ठीक, मुखपृष्ठाला नाही. पातळ जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या कागदाची) पट्टी कापण्याऐवजी ओल्या ब्रशची रेघ ओढून फाडा म्हणजे कडेला तंतू राहतात. पट्टी नेहमी मागच्या बाजूने. फेव्हिकॉल मागे फिरवता येत नाही.

इंग्रजी पेपरबॅकची पाठ डिंकाची असते आणि डिंक आता काचेसारखा झालेला असतो. वाचताना काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडा. पाठीवर उभी पांढरी रेघ पडली की ती कायमची.

कोपरखैरणे_से_१५

बरं झालं विचारलं, डबे माळ्यावर. पिशव्यांचं राहिलं: स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक कव्हरं चालतील का? आणि सालाचं?

घंटाळी_दहापट_भिंग

लवचीक, नव्या रेनकोटसारखा वास येणारी कव्हरं पीव्हीसीची. वर्षा-दोन वर्षांत शाई त्यांना चिकटते. चुरचुर आवाज करणारी, न ताणणारी बीओपीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पिशवी घ्या. मराठी पुस्तकं बहुतेक क्राऊन आकाराची, पाच बाय साडेसात इंच. पेंग्विन साधारण १११ बाय १८१ मिलिमीटर. पिशवी रुंदीला पुस्तकाच्या जाडीइतकी अधिक एक सेंटिमीटर मोठी हवी. तोंड चिकटवू नका, नुसतं दुमडा.

आता साल. सालच छापलेलं नसलं तरी पुस्तक बोलतं.

पहिली किंमत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं किंवा लगतचं. ‘नये पैसे’ छापलं असेल तर १९५७ ते १९६४. १ जून १९६४ पासून ‘नया’ गळाला. मग पत्ता बघा. ‘मुंबई ४’ असं असेल तर जुनं. ‘४०० ००४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा आला. मुद्रकाच्या पत्त्यात ‘मुंबई राज्य’ दिसलं तर १ मे १९६० च्या आधीचं.

सगळ्यात मजेची खूण अनुस्वार. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असं भरपूर शिंतडलेलं असेल तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची जुळणी, किंवा जुन्या वळणाचा जुळारी (छापखान्यात खिळे जुळवणारा). नुसत्या याच खुणेवर निकाल देऊ नका, किंमतीशी ताडून बघा. वाचनालयाचा दाखल शिक्का असेल तर त्यावरची तारीख म्हणजे पुस्तक त्याहून उशिराचं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, तेव्हा शिक्का जुना दिसला म्हणून बनावट समजू नका. मात्र ‘रद्द’चा शिक्का नसेल तर त्या वाचनालयाला एकदा विचारा.

इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला पुनर्मुद्रणांची यादी असते, शेवटचं साल ते तुमच्या प्रतीचं. किंमत ‘२/६’ अशी शिलिंग-पेन्समध्ये असेल तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं.

मराठी मुखपृष्ठं इतकी कमी का उरली? वाचनालयं पुस्तक हाती आलं की कव्हर काढून पुठ्ठा-कापडाची बांधणी करायची. म्हणून मुखपृष्ठासकट, बांधणी न केलेली प्रत, फाटकी का होईना, बांधलेल्या चकचकीत प्रतीपेक्षा मोलाची.

चित्र कसं बघायचं ते सांगतो. दहापट भिंग घ्या, चेहऱ्याच्या गालावर धरा. ठिपक्याची कड गडद आणि मध्य फिका दिसला तर ब्लॉकवरची (रंगागणिक वेगळ्या धातूच्या ठशावरची) छपाई, शाई दाबाने कडेला सरकते. पानाच्या मागून बोट फिरवलं तर कधीकधी उठावही लागतो. ठिपका सपाट, एकसारखा असेल तर ऑफसेट, म्हणजे सपाट प्लेटवरून रबरामार्फत उतरवलेली छपाई. आता ओठांकडे या. लाल रंग ओठांच्या बाहेर केसभर सांडलेला दिसेल, तो तिसरा ब्लॉक हलला म्हणून. लोक त्याला दोष म्हणतात. माझ्या मते अंधारातल्या बाईचा निम्मा भेसूरपणा त्या सांडण्यातच असतो.

शीर्षकाची अक्षरं टायपात नाहीत, बहुतेक चित्रकाराने काढलेली आहेत. म्हणून पिस्तुलाची नळी अक्षराच्या काना-मात्रेला टेकते, तिरकी रेघ शिरोरेषेतून सुटते. सही खालच्या कोपऱ्यात शोधा, पाठीच्या बाजूला सरकून दुमडीत गेलेली असते. चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) स्प्रेने त्वचेवर जी मऊ छाया द्यायचे, ती ब्लॉकमध्ये ठिपक्यांच्या धुक्यासारखी उतरते. दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) रेष त्यामानाने ठाम, रंगाचे मोठे सपाट तुकडे. सही नसेल तर यावरून अंदाज करा, पण विकताना अंदाजाला नाव चिकटवू नका.

स्कॅन_६००

फ्रेमचं मी घेतो. मूळ मुखपृष्ठ भिंतीवर लावू नका. उजेडात पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो. रस्त्यावरचं जुनं पोस्टर निळसर दिसतं तसंच. यूव्ही काचेने वेग कमी होतो, थांबत नाही. स्कॅन करून छापील प्रत लावा.

स्कॅनर सीसीडी प्रकारचा (जाड, आत आरसे-भिंग असलेला) बघा. पातळ सीआयएस स्कॅनरला काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचललेला भागही धूसर दिसतो आणि जुनी पुस्तकं बाकदार असतात. दाबून सपाट करू नका, पाठ मोडेल. मुखपृष्ठामागे काळा कागद सरकवा म्हणजे आतली छपाई पारदर्शून येत नाही. ६०० डीपीआय, टिफ, ऑटो-कलर बंद. ३०० ला घेतलं तर ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून लाटा उमटतात. स्कॅनरचं डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) बंदच ठेवा, ते डोळ्यांतली चमकही पुसतं. ६०० ला घेऊन प्रतीवर दोन-तीन पिक्सेलचा हलका ब्लर, मग ३०० वर आणा. टिफ तशीच ठेवा.

फोनने काढायचं तर फ्लॅश नको. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, दुप्पट झूमची लेन्स, फोन अर्धा मीटर वर. जवळून वाईड लेन्सने काढलेल्या फोटोत पुस्तक शंकरपाळ्यासारखं येतं.

घंटाळी_दहापट_भिंग

एक भर. स्कॅन करताना मागचं कव्हर आणि पाठही घ्या. मागच्या कव्हरवर पुढच्या पुस्तकांच्या जाहिराती असतात, आणि ‘लवकरच’ म्हणून दिलेलं नाव तुमच्याच गठ्ठ्यात सापडलं तर दोघांचा क्रम लागतो.