कोल्हापुरातून एका दिवसात: डोंगरावरचा तलाव गाठायचाय, कुठे जावं?

करवीरकन्या
नमस्कार मंडळी. दिवाळीचे पाहुणे परतले की एका रविवारी डोंगरात जायचा बेत आहे. मी, भाऊ, वहिनी आणि अकरावीतला भाचा. अट एकच, चालत जायचं आणि वर पोचल्यावर पाणी दिसायला हवं. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी ही धरणं गाडीतून पाहून झालीत, ती नकोत. चौघांनाही चार-पाच तास चालायची सवय आहे. घरची गाडी आहे, मुक्काम मात्र जमणार नाही. जाणकारांनी सुचवा.

पन्हाळाप्रेमी
मसाई पठार. पन्हाळ्याच्या पुढे, शहरापासून तास-सव्वा तासात पायथ्याला. पठारावर मसाई देवीचं देऊळ आहे, पावसाळ्यानंतर तळी भरलेली असतात आणि उतारावर पांडवदऱ्याची लेणी आहेत. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून. चढ फारसा नाही. पण खरं सांगतो, मसाईचं वैभव सप्टेंबरातलं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं सगळं तेव्हा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि सावलीला झाड शोधावं लागतं.

वेदगंगेकाठचा
ताई, तुमची अट वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रांगणाच आला. भुदरगड तालुक्यातला हा किल्ला, आणि त्याच्या माथ्यावर चांगला ऐसपैस तलाव आहे. परतीचा पाऊस थांबल्यावर जा. तेव्हा तलाव भरलेला असतो, वाट सुकलेली असते आणि कोकणाकडचं धुकं सकाळीच विरतं.

कोल्हापूर ते गारगोटी साधारण ५० किलोमीटर, तिथून कडगावमार्गे पाटगाव आणखी तीसेक. पुढे तांब्याची वाडी, मग भटवाडी. गाडी भटवाडीत लावा. जीपवाले चिक्केवाडीपर्यंत नेतात, पण ते नका करू. भटवाडी ते चिक्केवाडी हे जंगल हाच निम्मा आनंद आहे. बांबूची बेटं दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलेली, ऊन जमिनीवर पडतं ते नाण्याएवढ्या तुकड्यांनी. गडावर पोचायला दोन-अडीच तास धरा.

मुख्य डोंगराला हा गड एका चिंचोळ्या धारेने जोडलेला आहे. ती ओलांडली की एकामागून एक दरवाजे लागतात, मध्ये निंबाळकर वाड्याचे अवशेष. पुढे तलाव आणि रांगणाईचं देऊळ. तलावाच्या काठाला थोडा वेळ शांत बसा. चिखलात गव्यांचे खूर उमटलेले असतात, ताजे असले तर कडेला पाणी अजून गढूळ दिसतं. भाच्याला ते दाखवा.

वेळ उरला तर कोकणाकडच्या यशवंत दरवाजापर्यंत जाऊन या. खाली नारूरची वाट उतरते, हवा स्वच्छ असेल तर समोर मनोहर-मनसंतोष गड दिसतात. महाराणी ताराबाई १७०८ मध्ये याच गडाच्या आश्रयाला आल्या होत्या. आपल्या कोल्हापूरच्या गादीचा इतिहास इथून गेलाय आणि गावातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

करवीरकन्या
दादा, वाचूनच पाय शिवशिवायला लागले! दोन शंका. गवा समोर आला तर काय करायचं? आणि जळवा?

वेदगंगेकाठचा
जळवा पावसाळ्यातल्या. पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले की वाटेवर सहसा दिसत नाहीत, ओढ्याकाठी ओल असेल तिथे तेवढं बघून चाला.

गवा दिसला की थांबायचं. ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. त्याला जायला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे या. कळपात पिल्लू असेल तर जास्तच अंतर राखा. अत्तर, स्प्रे लावून येऊ नका आणि शेकोटी-धूर बिलकुल नको. या जंगलात आग्या मोहोळं आहेत, पाटगावला मधाचं गाव म्हणतात ते उगीच नाही.

आजऱ्याचा घनसाळ
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. दाजीपूरही कुणीतरी सुचवेल, पण तिथे अभयारण्यात बहुतेक फिरणं गाडीतून होतं, तुमच्या अटीत ते बसत नाही. एकच सांगणं, पहाटे पाचला कोल्हापूर सोडा. सातच्या पुढे निघालात तर भर उन्हात चढाल आणि परतताना जंगलातच अंधार गाठेल. कार्तिकात दिवस लवकर मावळतो.

वाट आधी माहीत नसेल तर भटवाडीतून गावातला माणूस सोबत घ्या. रानात गुरांच्या वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या, घासाघीस करू नका. जेवणाचंही आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर एखाद्या घरी भाकरी-पिठलं मिळू शकतं, नाहीतर घरूनच दशम्या, चटणी, दही बांधून घ्या. पाणी माणशी तीन लिटर.

पन्हाळाप्रेमी
तलावात उतरू नका हेही सांगून ठेवतो. जुने तलाव काठाला उथळ दिसतात, पण आत किती गाळ आहे ते वरून कळत नाही. साबण, शाम्पू तर नकोच, जंगलातली जनावरं तेच पाणी पितात.

करवीरकन्या
ठरलं, रांगणाच. परतताना पाटगावला मौनी महाराजांच्या मठात थांबायला वेळ मिळेल का?

वेदगंगेकाठचा
तीनपर्यंत भटवाडीत उतरलात तर आरामात. मठ रस्त्यालगतच्या गावातच आहे. मधही तिथेच घ्या, गावकऱ्यांकडून.