दोन लहान मुलं, सासूबाई आणि समुद्रातलं बेट: मालवण की हर्णै? सल्ला हवा

मिरजवाट
नमस्कार. डिसेंबरात पाच दिवस जमवलेत. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. सोबत सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. मुलीनं शाळेत बेटाची व्याख्या पाठ केली, 'चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग', आणि तेव्हापासून तिला बेटावर उभं राहून चारही बाजूंचं पाणी बघायचंय. आधी अंदमानचं चाललं होतं, पण पाच जणांच्या विमानाच्या तिकिटांचा हिशेब केला आणि तो बेत पुढे ढकलला. सांगलीहून स्वतःच्या गाडीनं निघू. मालवणचा सिंधुदुर्ग करावा, हर्णैचा सुवर्णदुर्ग करावा की दोन्ही? मुलानं अजून समुद्र पाहिलेला नाही. घाटात दोघांनाही उलट्या होतात. मुलगी मासे खाते, मुलगा वरणभात सोडून कशाला हात लावत नाही. इतक्या लहान मुलांना होडीत कितपत नेता येतं, तेही सांगा. मला पाण्याची भीती वाटते.

फिरस्ता_६६
पाच दिवस म्हणजे भरपूर. पहिल्या दिवशी विजयदुर्ग, दुसऱ्या दिवशी देवगड-कुणकेश्वर, तिसऱ्या दिवशी मालवण, चौथ्या दिवशी वेंगुर्ला-शिरोडा, जमलं तर पुढे गोवा आणि आंबोलीवरून परत. आम्ही असंच केलं होतं, सगळं बघून झालं. तारकर्लीला स्कूबा चुकवू नका, मुलीलाही करू द्या.

हर्णैची_सून
ताई, माझं सासर हर्णैचं, तरी सांगते, या खेपेला मालवणला जा. सुवर्णदुर्ग देखणा आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत ज्या बारा किल्ल्यांची नावं आली त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरीसोबत तोही आहे. पण तिथे धड धक्का नाही. होडी किनाऱ्याजवळ थांबते आणि गुडघाभर पाण्यात उतरून चालत जावं लागतं. साडेतीन वर्षांचं मूल कडेवर, सासूबाईंचे गुडघे असे, कशाला उगाच? आत सावलीही फार नाही. मुलं थोडी मोठी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये या. तेव्हा वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघता येतील, आणि संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलावही. तोवर सुवर्णदुर्ग कुठे जात नाही.

देवबागकर
मी देवबागचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिरस्तादादांचा बेत मोठ्यांसाठी ठीक आहे. लहान मुलांना मात्र रोज सामान बांधून गाडीत बसवलं की त्यांच्या आठवणीत गाडीच राहते. माझं म्हणणं, चार रात्री एकाच घरी राहा. देवबाग, तारकर्ली किंवा मालवणात चिवल्याला. घरगुती राहायची सोय सगळीकडे आहे, 'न्याहारी निवास' अशा पाट्या दिसतील. घर ठरवताना तीन गोष्टी विचारा. दार आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण किंवा गडगा आहे का, सासूबाईंना खाली खोली मिळेल का, आणि मुलासाठी कमी तिखटाचं शिजवतील का. मऊ भात, घावणे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे यातलं काहीतरी तो नक्की खाईल. आमच्याकडे बायका लहान पोराला उपाशी ठेवत नाहीत.

पोहायला-डुंबायला चिवला बरा. खडकांमुळे लाट मोडते आणि पाणी बऱ्यापैकी संथ असतं, दर डिसेंबरात तिथे सागरी जलतरण स्पर्धा होतात. (त्या दिवसांत आलात तर खोल्या मिळणं कठीण, आधी चौकशी करा.) देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम डोळे भरून बघा, पण तिथे मुलांना पाण्यात पाऊलही टाकू देऊ नका. वरून पाणी शांत दिसतं, खाली जबर ओढ असते. माझे आजोबा सांगायचे, "दर्याक पाठ दाखवू नको." मुलांचे फोटो काढतानाही हे लक्षात ठेवा. आईबाप मोबाइलमध्ये बघतात, मूल समुद्राकडे पाठ करून हसत उभं असतं, आणि मागून लाट येते. दर हंगामात हे बघतो आणि पोटात गोळा येतो.

स्कूबा सात वर्षांच्या मुलीला नको. दहा वर्षांखालच्या मुलाला कुणी घेतो म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. बनाना राइड, जेटस्की यांचंही तसंच.

आता तुमचं बेट. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कामाला हात घातला. होड्या मालवण जेटीवरून सुटतात आणि डिसेंबरात समुद्र शांत असतो. जाताना मुलीला एक काम द्या, होडीतून किल्ल्याचा दरवाजा शोधायचा. तो दिसतच नाही. बुरूज एकमेकांना झाकून उभे आहेत, अगदी जवळ गेल्यावर मधली वाट उघडते. मोठी माणसंही चुकतात. आत दरवाज्याशेजारी घुमट्यांमध्ये महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, पुढे शिवराजेश्वराचं देऊळ आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. भोवती खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे मुलांना चाखवूनच पटतं.

होडीवाले साधारण तासाभरात परत यायला सांगतात. मुलं आणि आजी असताना तेवढ्यात काही होत नाही, धावपळ मात्र होते. चढण्यापूर्वीच सांगा की आम्ही मागच्या होडीनं येऊ. सकाळी पहिल्या होडीनं जा, अकराच्या आत परत या. टोप्या, पाणी, खाऊ न्या. तटावर मुलाचा हात सोडू नका, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.

होडीबद्दल भीती वाटते म्हणालात, ती वाटायलाच हवी. २०२२ च्या मे महिन्यात इथेच तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट सगळ्यांना आणि मुलांना मुलांच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. शक्य असेल तर सांगलीहूनच लहान मापाची दोन घेऊन या, पायांतून पट्टा येतो ती. होडीत गर्दी दिसली तर उतरा. भांडू नका, फक्त उतरा आणि पुढची धरा.

ओसरी
मी बालरोगतज्ज्ञ आहे, गाव कुडाळजवळ. घाटाबद्दल थोडं लिहिते. सांगलीहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीला याल. घाटाआधी तासभर पोटभर खाऊ देऊ नका, पण अगदी रिकाम्या पोटीही नको, दोन बिस्किटं चालतात. मुलांना पुस्तक-मोबाइल नको, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा आणि काच थोडी खाली ठेवा. उलटीचं औषध तुमच्या डॉक्टरांकडून मुलांच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि निघण्याआधी अर्धा तास द्या.

किनाऱ्यावर जार, म्हणजे जेलीफिश, पडलेली दिसली तर मेलेलीलाही हात लावू द्यायचा नाही. डंख झालाच तर चोळू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले तंतू चिमट्यानं काढा आणि दवाखाना गाठा. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असते, म्हणून मुलांना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालायला शिकवा, चाहूल लागली की ती निघून जाते. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन भाजतं. अकरा ते चार सावलीत, आणि ओआरएसची पाकिटं पर्समध्ये. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे.

मिरजवाट
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! हर्णैच्या ताई, तुमचं विशेष कौतुक, स्वतःच्या गावाला थांब म्हणणं सोपं नसतं. मालवण नक्की केलं. एकच प्रश्न: दिवस कोणते धरू? पौर्णिमेला समुद्र छान दिसतो म्हणतात.

देवबागकर
दिसतो छान, पण पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. लहान मुलांना तेव्हा नको. पंचांग काढा. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यापुढे सहा तासांनी, दहाच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. थोडंफार मागेपुढे होतं. चतुर्थी-पंचमीला आलात तर सकाळी किनारा रुंद मिळतो, पाणी मागे सरत असतं, मुलांना खेळायला हीच वेळ. कर्लीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा, ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तोही तेव्हाच उघडा पडतो. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. उन्हं चढली की तिथे गर्दी आणि गोंगाट, सकाळी लवकर जा.

आणि पहाटे उठून किनाऱ्यावर या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर दोर ओढायला मुलांना घेतात.

मिरजवाट
शुद्ध पंचमी जमणार नाही, दुसऱ्याच दिवशी चंपाषष्ठी, आमच्याकडे तळी भरायची असते. मार्गशीर्ष वद्य तृतीयेला पोचतो. चतुर्थीला सासूबाईंची संकष्टी आहे, म्हणाल्या, समुद्रावर सोडीन.

फिरस्ता_६६
स्कूबाबद्दल मी घाईनं लिहिलं, वयाचा विचार केला नव्हता. देवबागकरांचं बरोबर आहे. परत जाताना सावंतवाडीवरून आंबोली घाटानं जा, चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. माझ्या भाचीकडे तिथली भातुकली आहे, रंग अजून गेलेला नाही.

मिरजवाट
जाऊन आलो. उशिरा लिहितेय, पण लिहायचं ठरवलंच होतं.

देवबागला चार रात्री राहिलो. घाटात मुलीला एकदाच उलटी झाली, मुलगा झोपला. पहिल्या संध्याकाळी तो लाटा बघून माझ्या मानेला मिठी मारून बसला, खाली उतरेना. आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे रापण लागली होती. दोन्ही बाजूंना दोर, माणसं कमरेत वाकून मागे मागे सरकत होती. एका आजोबांनी न बोलता दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. ओल्या दोराला वाळू चिकटलेली, त्याच्या तळव्यांवर दोराचे वळ उठले, पण सोडायला तयार नाही. जाळं वर आलं, पेडवे आणि बांगडे उड्या मारत होते आणि हा गुडघाभर पाण्यात उभा. केव्हा शिरला ते त्यालाही कळलं नाही, आणि माझा हात मात्र त्याच्या कॉलरवर होता.

किल्ल्याचा दरवाजा मुलीला सापडला नाही, मलाही नाही. सासूबाई देवळापर्यंत हळूहळू चालल्या आणि साखरबावेचं पाणी ओंजळीनं प्यायल्या. आम्ही तिसऱ्या होडीनं परत आलो, कुणी घाई केली नाही. परतताना एका होडीत गर्दी वाटली म्हणून उतरलो. माझा आवाज थरथरत होता, पण उतरलो.

संकष्टीला घरच्या काकूंनी आपणहून उकडीचे मोदक केले. चंद्र समुद्रावर उगवेल या समजुतीनं सासूबाई वाळूत जाऊन बसल्या होत्या. काकू म्हणाल्या, "आजी, चंद्र मागच्या दारी येतो, नदीवर." देवबागला पुढे समुद्र, मागे कर्ली. सगळे मागच्या अंगणात गेलो. नऊच्या सुमाराला माडांमधून तांबूस चंद्र वर आला आणि नदीत लांबच लांब उतरला.

पंचमीला सकाळी वाळूच्या दांड्यावर गेलो. किल्ल्यावर मुलगी म्हणत होती, माड मध्ये येतात, चारही बाजू एकदम दिसत नाहीत. इथे ती मधोमध उभी राहिली, हात पसरून सावकाश स्वतःभोवती फिरली आणि प्रत्येक बाजूला मोठ्यानं 'पाणी' म्हणाली. चार वेळा. भाऊ तिच्यामागे फिरत पाचव्यांदा म्हणाला.

घराचा पत्ता हवा असेल त्यांनी मला निरोप टाका. मुलांच्या मापाची दोन जॅकेटं आता आमच्याकडे आहेत, सांगली-मिरजेतलं कुणी कोकणात निघालं असेल तर खुशाल घेऊन जा.