म्हातारी मांजर फार पाणी पीत असेल तर

वर एका ताईंनी लिहिलंय की त्यांची 14 वर्षांची मनी हल्ली वाटीच्या वाटी पाणी संपवते, उकाड्यामुळे असेल. असेलही, पण या वयात मी तेवढ्यावर सोडणार नाही. मांजर मुळात कमी पाणी पिणारं जनावर. म्हातारपणी तहान आणि लघवी दोन्ही वाढली की किडनी, मधुमेह नाहीतर थायरॉइड निघायची शक्यता बरीच असते. रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्या. रक्तातलं नुसतं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, किडनीचं बरंचसं काम थांबल्यावरच ते चढतं. भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागत असेल, तर आधी थायरॉइड बघा.

आमच्या बोक्याला किडनीच्या दुखण्यात शेवटी शेवटी घरीच सलाइन द्यायचो. डॉक्टरांनी एकदा नीट दाखवलं की जमतं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई. तिथे टेंगूळ येतं, कधी ते पुढच्या पायात उतरतं. काही तासांत जिरतं. साहेब तोवर बशीतलं चिकनचं पाणी चाटण्यात गुंग.

आणि वर कुणीतरी मांजराच्या तापावर पाव गोळी पॅरासिटामॉल सुचवलीय, ती कृपा करून कुणी देऊ नका. मांजराला तेवढीही जिवावर बेतू शकते. दिवसभर काहीच खाल्लं नाही तरी डॉक्टरांना फोन करा, विशेषतः मांजर जाडं असेल तर. उपासाने लिव्हर बिघडतं.