निम्फ: अप्सरा, डिंभक की पिल्लू?

शब्दकुतूहल
हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला जाणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करायची आहे. त्यात 'फेझंट टेल निम्फ' बांधण्याची आणि वापरण्याची कृती आहे. ही एक 'फ्लाय', म्हणजे फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस गळावर बांधून केलेली, पाण्यातल्या किड्याची नक्कल. यंत्राने 'निम्फ'चं 'अप्सरा' करून ठेवलंय, त्यामुळे 'अप्सरेच्या शेपटीला तांब्याची तार गुंडाळा' असलं वाक्य समोर आलं. मी 'डिंभक' सुचवणार होते. चालेल का? शिवाय फ्लाय, टाय करणे, ड्रॅग, स्ट्राइक यांना शब्द हवेत. वाचक गळ टाकणारा आहे, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे.

षट्पद
डिंभक नको. डिंभक किंवा अळी म्हटलं की पुढे कोश आलाच. असल्या फ्लाय ज्यांची नक्कल करतात त्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या पाणकिड्यांना कोशावस्था नसते. अंड्यातून निघालेला जीव पाण्याखाली कात टाकत वाढतो, पाठीवर पंखांच्या पिशव्या दिसू लागतात आणि शेवटी पाण्याबाहेर येऊन तो पंखवाला होतो. या अवस्थेला मराठीत शब्द आहे आणि तो शेतकऱ्यांच्या रोजच्या वापरातला आहे: 'तुडतुड्यांची पिल्ले व प्रौढ पानांतील रस शोषतात.' ते पिल्लू म्हणजेच निम्फ. चतुर आणि टाचणी यांचीही पिल्लंच असतात.

पंचाईत अशी की मासे धरणारे 'निम्फ' हा शब्द फार सैल वापरतात. कॅडिस या तिसऱ्या पाणकिड्याला खरोखरची अळी असते, कोशही असतो. तिच्या बऱ्याच जाती वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून नळीसारखं घर करतात. तरी तिची नक्कल केलेली फ्लाय 'निम्फ'च्याच डबीत जाते. म्हणून माझं मत: दगडाखालच्या जिवंत किड्याला 'पिल्लू', गळावर बांधलेल्या नकलेला 'निम्फ'. दोन्हींना एकच शब्द ठेवलात तर 'दगड उलटून निम्फ पाहा आणि तसाच निम्फ निवडा' या वाक्यात वाचक अडकेल.

हे दगड उलटणं सह्याद्रीच्या ओढ्यातही करता येतं. मेफ्लायची पिल्लं तिथेही आहेत, फक्त ट्राउट नाहीत, कारण त्यांना साधारण २० अंशांच्या आतलं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या कडेने हलणारे कल्ले आणि प्रत्येक पायाला एक नखी. स्टोनफ्लायला दोन शेपट्या, दोन नख्या.

गरवणारा
'पिल्लू'ला पाठिंबा. 'फ्लाय'चं 'माशी' मात्र करू नका. बोलताना गंमत वाटते, छापताना घोळ होतो. 'माशांना' म्हणजे मासे या शब्दाचं रूप आणि 'माश्यांना' म्हणजे माशी या शब्दाचं. फरक एका 'य'चा. 'माशांना पाण्यात मोकळं वाहू द्या' असं छापून आलं तर वाचक हातातला मासा सोडून देईल! 'फ्लाय' ठेवा.

गळाला आमच्याकडे 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणं'. पुस्तिका सगळ्या महाराष्ट्रासाठी असेल तर 'गळ' बरा. पण बारीक नायलॉन दोरीला 'तंगूस' म्हणायला हरकत नसावी, तो शब्द मुंबईपासून खाली सगळीकडे कळतो.

बिनकाटा
नामांवर एवढी चर्चा होते आहे, पण फ्लाय बिघडते ती क्रियापदांमुळे. मराठी कृतींत सगळ्यालाच 'गुंडाळा' लिहितात. या फ्लायमध्ये तीन वेगळ्या क्रिया आहेत: वेढा देणं, पीळ देणं आणि दुमडणं. कृतीच मांडतो, म्हणजे शब्द जागेवर बसतील.

मूळ कृती फ्रँक सॉयर यांची. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात, एव्हन नदीवर नेथरॅव्हन इथे ते रिव्हर कीपर, म्हणजे नदी आणि तिच्यातले मासे सांभाळणारे, होते. (याचं 'नदीचा राखणदार' करू नका, कोकणातला वाचक नारळ घेऊन उभा राहील.) त्यांनी दोरा वापरलाच नाही. बारीक तांब्याची तार हाच दोरा आणि हेच वजन. पायही बांधले नाहीत, कारण पोहताना पिल्लू पाय अंगाशी घेतं.

गळ १४ किंवा १६ नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहा. गळाचे भाग: नेढं, दांडी, बाक, टोक आणि टोकाजवळचा उलटा काटा. सुईचं ते नेढं तसं गळाचंही नेढंच, 'डोळा' कशाला? उलटा काटा बांधायच्या आधीच चपट्या पकडीने दाबून टाका. गळ कडक पोलादाचा असतो, काटा दाबताना टोक मोडायचं असेल तर ते फ्लाय पूर्ण झाल्यावर मोडण्यापेक्षा आधी मोडलेलं बरं.

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते: ४० गेजची इनॅमल तार, म्हणजे सुमारे ०.१२ मिमी. ३८ गेज (०.१५ मिमी) १४ नंबरवर चालते, १६ वर जाडी होते.

गळ व्हाइसमध्ये (टेबलाला लावायच्या शिकंज्यात) बाकापाशी पकडा. नेढ्यामागे एक मिमी जागा मोकळी सोडून तार सुरू करा आणि एकमेकांना चिकटून वेढे देत बाकापर्यंत या. तार पुन्हा पुढे न्या, दांडीच्या पुढच्या एक तृतीयांश भागात वेढ्यांवर वेढे चढवून फुगवटा करा, मग परत बाकाशी या. फेझंट नराच्या शेपटीतल्या मधल्या लांब पिसाचे चार तंतू घ्या, त्यांची टोकं एका रेषेत आणा. टोकं बाकाच्या मागे ४ मिमी बाहेर राहतील असे ते तारेने बांधा. ही झाली शेपटी.

आता तंतू आणि तार एकत्र पिळा आणि हा पीळ नेढ्याच्या दिशेने वेढत न्या. नेढ्यामागच्या मोकळ्या जागेपाशी थांबा. तंतू आणि तार वेगळे करा. तारेने तंतू तिथेच बांधा. एकटी तार फुगवट्याच्या मागे न्या, तंतू त्याच्यावरून मागे दुमडा आणि बांधा. तार पुढे आणा, तंतू पुढे दुमडा, बांधा. उरलेले तंतू कापा, नेढ्यामागे तारेचे दोन-तीन फास आवळा. तार कात्रीने कापू नका, धार जाते. मागेपुढे हलवली की तुटते.

शब्दकुतूहल
म्हणजे मूळ मजकुरातलं 'टाय इन बाय द टिप्स' हे वाक्य इथे बसतं. मी 'टोके बांधून घ्या' केलं होतं.

बिनकाटा
'तंतू टोकाकडून बांधा' करा. 'टोके बांधा' वाचून कोणीतरी टोकांची जुडी बांधेल. हा तपशील महत्त्वाचा आहे. तंतू टोकाशी बारीक आणि बुडाशी जाड असतो. टोकाकडून सुरुवात केली की पोट शेपटीशी सडपातळ आणि पुढे भरत जातं. बुडाकडून बांधलं तर उलटं होतं आणि फ्लाय बेडकाच्या पिल्लासारखी दिसते.

बिघडण्याच्या बाकी जागा: पीळ फार घट्ट दिला तर तंतू तुटतात. पीळच दिला नाही तर तारेचं कवच मिळत नाही आणि ट्राउटच्या बारीक दातांनी दोन माशांत पोट उसवतं. पुढची एक मिमी जागा विसरली की नेढं बुजतं आणि पाण्याकाठी तंगूस ओवता येत नाही. शेपटी लांब राहिली तर मासा नुसती शेपटी ओढतो, असं बरेच जण सांगतात. मला त्यापेक्षा प्रमाण बिघडणं हा मोठा दोष वाटतो.

षट्पद
तो फुगवटा शोभेचा नाही. बाहेर पडायची वेळ आली की पिल्लाच्या पंखांच्या पिशव्या फुगतात आणि गडद होतात. तंतू दोनदा दुमडल्यावर नेमका तसा गडद ठिपका पाठीवर येतो. म्हणून 'थोरॅक्स'ला इथे 'वक्ष' म्हणण्याऐवजी 'पाठीचा फुगवटा' म्हणा, वाचकाला काय दिसायला हवं ते कळेल.

खळाळ
तीर्थनसाठी एक दुरुस्ती. सॉयर यांची एव्हन संथ, नितळ, चुनखडीच्या झऱ्यांची नदी. तीर्थन, सैंज किंवा बारोटजवळची ऊहल म्हणजे धोंड्यांतून उसळणारं पाणी. तिथे नुसत्या तारेची फ्लाय तळापर्यंत पोचत नाही. टंगस्टनचा मणी लागतो: १४ च्या गळाला २.८ मिमी, १६ ला २.३ ते २.५. पितळी मणी स्वस्त, पण टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड. क्रियापद अर्थात 'मणी ओवा', आणि तो सगळ्यात आधी, बारीक भोक नेढ्याकडे करून. उलटा काटा दाबलेला नसेल तर मणी तिथेच अडकतो.

आता पाण्यातले शब्द. 'ड्रॅग'ला कोणीतरी 'ओढ' सुचवेल, ते टाळा. 'पाण्याला ओढ आहे' म्हणजे प्रवाहाचा जोर, तो तर असणारच. ड्रॅग म्हणजे वरच्या वेगवान पाण्याने दोरी पुढे नेली आणि तिने तळाच्या संथ पाण्यातली फ्लाय खेचली. याला मराठीत चपखल शब्द आहे: फरफट. 'फ्लायची फरफट होऊ देऊ नका.' तळातलं पिल्लू प्रवाहाच्या वेगानेच वाहतं. त्याहून जोरात जाणारी वस्तू ट्राउट सोडून देतो. उलट स्थितीला 'मोकळी वाहती' म्हणा.

फरफट टाळायची कशी तेही लिहा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून, म्हणजे खालच्या बाजूने जा आणि वर फेका. धोंड्यांच्या पाण्यात दहा फुटांची काठी उंच धरून जमेल तेवढी दोरी पाण्याबाहेर ठेवा, शेवटचं बारीक तंगूस तेवढं पाण्यात. ५एक्स म्हणजे ०.१५ मिमी, ४एक्स ०.१८. इथेही आकडा वाढला की दोरी बारीक. तरंगता इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारी खूण) दोरीला लावलात तर तो फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर. फ्लाय अधूनमधून तळाला घासत नसेल तर वजन कमी पडतंय, दर वेळी अडकत असेल तर जास्त झालंय.

गरवणारा
'फरफट' झकास. आणि 'पूल'ला 'डोह', 'रिफल'ला 'खळाळ' (आयडी बघून नाही म्हणत). डोहाच्या तोंडाशी, जिथे खळाळ खोल पाण्यात उतरतो, तिथे फ्लाय टाकायची, हे 'डोहाचं तोंड' या दोन शब्दांत येतं.

शब्दकुतूहल
'हर्ल' राहिला. मजकुरात एका प्रकारात फुगवट्याला 'पीकॉक हर्ल' आहे.

बिनकाटा
तो अमेरिकेतला अल ट्रॉथ यांचा प्रकार. फुगवट्यावर मोराच्या पिसाचा एक झुबकेदार तंतू वेढतात. 'हर्ल' म्हणजे 'मोरपिसाचा तंतू', वेगळा शब्द नको. तो नाजूक असतो, म्हणून वरून तार उलट्या दिशेने वेढा. त्याच दिशेने वेढली तर ती तंतूंच्या फटीत बुडते आणि राखण करत नाही.

पुस्तिकेत इथे चौकट टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर संरक्षित आहे. आपोआप गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. खोऱ्यातल्या मोनाल किंवा कलीज या रानटी फेझंटचं पीस पायवाटेवर पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही. आपल्या पश्चिम घाटातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची चकचकीत पिसं एके काळी सामन माशासाठीच्या विलायती फ्लायना फार मागणीत होती, पण तीही आता निषिद्ध, आणि निम्फला त्यांचा काही उपयोगही नाही. पाळीव फेझंटचं पीस मिळालं नाही तर टर्कीच्या शेपटीचे तपकिरी तंतू चालतात.

शब्दकुतूहल
आता 'स्ट्राइक'. मी 'हिसका मारा' केलंय.

खळाळ
हिसक्याने ५एक्स तुटतं. आणि निम्फवर मासा लागल्याचं हाताला कळतच नाही बहुधा. वाहती दोरी क्षणभर थांबते, तेवढंच. 'दोरी थांबली की काठीचं टोक उचला' एवढं पुरे. उचलण्याची लांबी वीतभर. दगड असेल तर फ्लाय सुटेल, मासा असेल तर लागेल. सॉयर यांच्या लाडक्या युक्तीलाही हेच क्रियापद चालेल: वाहती फ्लाय दिसत असलेल्या माशापाशी पोचायच्या जरा आधी हळूच उचलायची, म्हणजे पिल्लू वर निघाल्यासारखं वाटून मासा झेपावतो. तिथे 'हळूच' आवर्जून लिहा, नाहीतर दोन्ही उचली एकच वाटतील.

आणि पहिल्या पानावरच: मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि हिमाचलात ट्राउटला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. यंत्राने 'क्लोज्ड सीझन'चं 'बंद हंगाम' केलं असेल, ते 'बंदीचा काळ' करा.